फ्लेवोलांडमधली नावं राहिली की!

डच गावांची नावं कशी पडली या चर्चेत वर म्हटलंय की ती म्हणजे नदीचं नाव अधिक बांध (डॅम). आम्स्टेलवरून आम्स्टरडॅम, रोटेवरून रॉटरडॅम, हे बरोबरच आहे, पण नेदरलँड्सच्या फ्लेवोलांड प्रांताचा विषय अजून कोणीच काढला नाहीये आणि मला तर तीच नावं सगळ्यात जास्त आवडतात. विसाव्या शतकात समुद्र हटवून काढलेली जमीन ती, तिथे आधी कोणी राहतच नव्हतं, मग नावं आणायची कुठून? तर तिथल्या एमेलोर्डचं नाव मूळचं त्याच समुद्रातल्या स्खोकलांड बेटावरच्या गावाचं, वादळं आणि पुरामुळे १८५९ मध्ये सरकारने ते अख्खं बेट रिकामं करायला लावलं, पुढे १९४२ मध्ये आजूबाजूचा समुद्रच आटवला आणि नव्या वसवलेल्या मुख्य गावाला तेच नाव दिलं, शेजारच्या एन्सचंही तसंच. आल्मेर हे मध्ययुगात तिथे असलेल्या मोठ्या सरोवराचं नाव, आणि फ्लेवो तर थेट रोमन लोकांच्या लिखाणातलं.

लेलीस्टाड मात्र माणसाच्या नावाचं, झाउडरझे, म्हणजे तिथलं समुद्राचं आखात, बांध घालून बंद करायची योजना आखणारे इंजिनिअर कॉर्नेलिस लेली. ते १९२९ मध्येच गेले, मोठा बांध पूर्ण झाला १९३२ मध्ये, म्हणजे त्यांना तो बघायलाही मिळाला नाही, त्यामुळे शहराला त्यांचं नाव दिलं हे फार योग्य झालं असं मला मनापासून वाटतं.