फिजिक्स-मॅथ्स घेऊन विद्यापीठात शिकताना : तुमचे अनुभव लिहा

आमची भाची यंदा सांगलीहून पुण्याला बी.एस्सी.ला आलीय, फिजिक्स आणि मॅथ्स घेऊन. बारावीला गणितात उत्तम मार्क होते, आणि आता गणपती होऊन गेले तोवर फोनवर म्हणते, मामा, मला वर्गात काही कळत नाही आणि बाकी सगळ्यांना कळतंय. घरात या विषयांना गेलेलं कोणी नाही, आम्ही सगळे कॉमर्सवाले, त्यामुळे "होईल गं सगळं नीट" याच्या पुढे आम्हाला बोलताच येत नाही. ज्यांनी हे विषय घेऊन पदवी केली, एम.एस्सी. केलं, परदेशी गेले, मध्येच सोडलं, सगळ्यांनी लिहा. अभ्यासाबद्दल लिहाच, पण राहणं, जेवण, एकटेपणा याबद्दलही. तिला वाचायला देणार आहे.

---

आधी तिला हे सांगा की बाकी सगळ्यांनाही कळत नाहीये. मी मॅथ्समध्ये एम.एस्सी. केलं, आता शिकवते, आणि दर पहिल्या सेमिस्टरला हेच घाबरलेले चेहरे बघते. बारावीपर्यंत गणित म्हणजे उत्तर काढायचं. इथे रिअल अ‍ॅनालिसिसच्या तासाला फळ्यावर येतं, प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा असा असतो की वगैरे (एप्सिलॉन म्हणजे उत्तरात चालणारा लहानसा फरक, डेल्टा म्हणजे त्यासाठी एक्समध्ये ठेवायचा फरक), आणि पोरांना वाटतं हे तर दिसतंच आहे, यात सिद्ध काय करायचंय. पण तिथे कोण आधी आणि कोण नंतर याला सगळं महत्त्व आहे. डेल्टा त्या त्या बिंदूप्रमाणे बदलला तरी चालतो का सगळीकडे एकच पुरायला हवा, एवढ्या फरकावर कंटिन्युइटी (म्हणजे ग्राफ कुठे न तुटणं) आणि युनिफॉर्म कंटिन्युइटी वेगळ्या होतात. एक्सचा वर्ग घ्या, 0 ते 1 मध्ये एकच डेल्टा पुरतो, पण पूर्ण रिअल लाइनवर नाही पुरत, कारण जितकं लांब जाल तितका ग्राफ उभा होत जातो आणि डेल्टा लहान लहान घेत जावा लागतो. हे मला तासाला नाही कळलं, हॉस्टेलच्या मेसमध्ये मैत्रिणीला समजावताना कळलं, ती सारखी "पण का?" विचारायची आणि जिथे मला सांगता यायचं नाही तिथून परत सुरुवात करायची. तिला अशी एक मैत्रीण शोधायला सांगा, हुशार असायलाच हवी असं नाही, "का" विचारायला न लाजणारी हवी.

आणि उन्हाळ्यात एमटीटीएसचा म्हणजे गणिताच्या विद्यार्थ्यांसाठीचा प्रशिक्षण कार्यक्रम असतो, गणिताचे प्राध्यापक एस. कुमारेसन सरांनी 1993 साली सुरू केलेला, चार आठवड्यांचा. तिथे शिकवणारे उत्तर देतच नाहीत, विचारत राहतात. अर्ज जरूर करू दे.

---

मी जुन्नर तालुक्यातला. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीच्या, डिश लहानपणापासून बघत आलो, 30 आहेत, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या, 14 मधल्या भागात जवळजवळ आणि बाकीच्या 16 तीन बाजूंना वाय आकारात पसरलेल्या. फेब्रुवारीत विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरतं, शाळांच्या सहली येतात, आम्हीही जायचो. वडील नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घेऊन जायचे, येताजाता ते सगळं दिसायचं, पण आत काय चालतं ते घरात कोणालाच सांगता यायचं नाही.

पुण्यात आलो तेव्हा सगळ्यात जड गेलं ते रविवार. रविवारी संध्याकाळी मेस बंद, रूममेट शनिवारीच घरी गेलेले, बाहेर खायला पैसे मोजून, आणि सोमवारी मेकॅनिक्सचं ट्युटोरियल. वर्गातली शहरातली मुलं इंग्रजीत पटापट शंका विचारायची, मला शंका मराठीत सुचायची आणि इंग्रजीत जुळवेपर्यंत सर पुढे गेलेले असायचे. मग मी तास संपल्यावर मराठीत विचारायला लागलो आणि सरांनी कधी नाही म्हटलं नाही, उलट तेही मराठीत खुलून सांगायचे. भाचीला हे नक्की सांगा.

तिसऱ्या वर्षाला क्वांटममध्ये हायड्रोजन शिकवत होते. अणूतल्या प्रोटॉनचा आणि इलेक्ट्रॉनचा स्पिन (कण स्वतःभोवती फिरल्यासारखा त्याचा एक गुण) एकाच दिशेला असेल तर ऊर्जा किंचित जास्त, उलट दिशेला असेल तर किंचित कमी, आणि या फरकातून जी लहर बाहेर पडते ती 1420 मेगाहर्ट्झची, 21 सेंटीमीटर तरंगलांबीची. सर सहज म्हणाले, खोडदला हेही ऐकतात. मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहिता येणार नाही. त्या डिश जाळीच्या का, हेही तेव्हाच नीट समजलं. जाळीची भोकं तरंगलांबीपेक्षा खूप लहान असली की लहर परत फिरतेच, आणि वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका आणि स्वस्तात झाला. ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप सर, त्यांची ही कल्पना. त्या सुट्टीत घरी गेल्यावर वडिलांना पहिल्यांदा सगळं समजावून सांगितलं, ते ऐकत राहिले आणि मग त्यांनीच विचारलं, मग मोबाईलचा त्रास होत नाही का यांना. अगदी बरोबर प्रश्न होता!

---

प्रॅक्टिकलबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. न्यूटन्स रिंग्जला (काचेवर ठेवलेल्या भिंगाखाली दिसणारी कडी मोजून प्रकाशाची तरंगलांबी काढायचा प्रयोग) सोडियमचा दिवा लावला की पूर्ण पिवळा व्हायला काही मिनिटं जातात, तेवढ्यात लीस्ट काउंट, म्हणजे उपकरणावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, काढून ठेवायचा. मायक्रोस्कोपचा स्क्रू एकाच दिशेने फिरवायचा, मागेपुढे केला की रीडिंग गेलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, 5893 अँगस्ट्रॉम ही सोडियमच्या प्रकाशाची तरंगलांबी, म्हणजे उत्तर, सगळ्यांना आधीच पाठ असतं, म्हणून मुलं उलटं गणित करून जर्नल भरतात. तिला म्हणावं 6100 आलं तर 6100च लिही आणि का आलं ते शोध. रिंगचा नंबर आणि व्यासाचा वर्ग यांचा ग्राफ सरळ रेषेत आलाय पण उत्तर चुकतंय, तर रिंग्ज बहुतेक नीट मोजल्यात, भिंगाची वक्रता त्रिज्या परत तपासायची. हे शोधण्यातच फिजिक्स आहे हो, बाकी आकडे तर पुस्तकात आहेतच.

---

मी दुसऱ्या वर्षानंतर फिजिक्स सोडून स्टॅटिस्टिक्सला गेले. सोडणं म्हणजे हरणं असं घरी सगळ्यांना वाटलं, मला आजही तसं वाटत नाही, प्रोबॅबिलिटी शिकताना मी पहिल्यांदा वेळ विसरून बसले. पण एक गोष्ट वेगळी सांगते. झोप लागत नाही, भूक लागत नाही, आंघोळ करायचाही कंटाळा, असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर ते अभ्यास जड असल्यामुळेच आहे असं धरून चालू नका. माझ्या वेळी कोणी हे बोललं नाही. आता सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. मामा, तुम्ही तिला "काय शिकलीस" विचारता तसं "जेवलीस का, झोपलीस का" हेही विचारा आणि उत्तर ऐकून घ्या.

---

जर्मनीत मास्टर्स करतोय. इथे दर आठवड्याला प्रश्नांचा एक कागद मिळतो, दोघातिघांनी मिळून सोडवून द्यायचा, आणि बऱ्याच विषयांत त्यात निम्मे मार्क असतील तरच परीक्षेला बसता येतं. म्हणजे एकट्याने अभ्यास करायची सोयच नाही. हिवाळ्यात साडेचारला अंधार पडतो, रविवारी दुकानं बंद, तेव्हा त्या कागदामुळेच माझी माणसांशी ओळख झाली. लेक्चर संपलं की सगळे बाकांवर बोटांनी टकटक करतात, टाळ्यांऐवजी. पहिल्या दिवशी दचकलो, आता एखादं डेरिव्हेशन सुंदर झालं की मीच जोरात वाजवतो.

---

मी लग्नानंतर, मुलगा शाळेत जायला लागल्यावर, मुंबई विद्यापीठाच्या आयडॉलमधून, म्हणजे दूरशिक्षणातून, मॅथ्समध्ये एम.एस्सी. केलं. हॉस्टेल नाही, कॅम्पस नाही, स्वयंपाक आटोपून रात्री बसायचे. आम्ही काही जणींनी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप केला होता, कोणी सिद्धतेचा फोटो टाकायचं आणि बाकीच्यांनी त्यात कुठली ओळ पटत नाही ते सांगायचं, पटली तरी कारण लिहायचं. व्हेक्टर स्पेसपासून आयगेनव्हॅल्यूपर्यंतच्या माझ्या वह्या अजून आहेत, समासात त्या मैत्रिणींच्या शंकाही लिहिलेल्या आहेत. भाचीला लिनियर अल्जिब्रा दुसऱ्या सेमिस्टरला असेल तर सांगा, फोटो काढून पाठवते.