बबूनच्या डोळ्यांवरची सावली

टांझानियातील मन्यारा सरोवराच्या उद्यानात भर दुपारी टिपलेल्या ऑलिव्ह बबूनच्या (आफ्रिकेतील एका मोठ्या माकडाच्या), आपण अभिप्रायासाठी मांडलेल्या छायाचित्रात डोळे काळवंडले आहेत, आणि त्यावर फ्लॅश वापरण्याचा सल्ला आपल्याला दिला गेला आहे. मला तो पटत नाही. बबूनच्या भुवयांचे हाड पुढे आलेले आणि डोळे खोलगट असल्यामुळे डोक्यावरचे ऊन नेमके तिथेच अडते, म्हणून रात्री झोपायच्या झाडांवरून उतरून कळप कोवळ्या उन्हात बसतो ती सकाळची वेळ गाठणे हाच खरा उपाय आहे.

हाती असलेल्या छायाचित्राच्या रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ फाइलमध्ये) केवळ डोळ्यांचा भाग अर्धा-पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) उजळावा आणि तपकिरी बुबुळ दिसू लागताच थांबावे, नाहीतर काचेचे डोळे बसवल्यासारखे वाटते. केसांवर शार्पनिंगही, म्हणजे कडा ठळक करणेही, बेतानेच करावे. या जातीच्या एकेका केसावर पिवळसर आणि काळे पट्टे असल्याने चित्रात अंगावर चटकन दाणेदार खरखर उमटते. (मीही हा प्रमाद पुष्कळदा केला आहे.)

आपण ‘जांभई’ म्हटलेल्या दुसऱ्या चित्रात मात्र सुळे उघडे आणि पापण्या फिक्या दिसतात. ती बहुधा धमकी असावी, तेव्हा पुढच्या वेळी गाडी थोडी मागे घ्यावी.