शब्दचर्चा: मलेशियातला ‘बुमिपुत्रा’ मराठीत ‘भूमिपुत्र’ होतो का?

घणसोलीकर

ठाण्यातल्या आमच्या अभ्यासगटासाठी मलेशियाच्या राजकीय वाटचालीवर टिपण लिहितोय. मलय, चिनी, तमिळ, इबान, कदाझान अशा नाना लोकांचा देश, ब्रिटिश गेल्यावर सत्तेची वाटणी कशी झाली, असा विषय. सगळं लिहून होतंय, पण एका शब्दाशी अडलोय: बुमिपुत्रा. नोकऱ्या, शिष्यवृत्त्या, परवाने, घरं, शेअर, सगळीकडे हा शब्द आडवा येतो. मलयमध्ये महाप्राण नाहीत म्हणून भ चा ब झाला, बाकी शब्द आपलाच ‘भूमिपुत्र’.

म्हणून सरळ ‘भूमिपुत्र’ लिहावं, तर मी राहतो घणसोलीत. इथे हा शब्द चौकातल्या फलकावर असतो, ग्रामसभेत असतो, मोर्चात असतो. त्याचा अर्थ शेंबडं पोरगंही सांगेल. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली, ठाणे-पनवेल-उरण पट्ट्यातल्या ९५ गावांची भातशेती, मिठागरं, खाजणं शहरासाठी घेतली गेली. ती ज्यांची होती ते आगरी-कोळी आणि इतर गाववाले म्हणजे भूमिपुत्र. ज्याची जमीन गेली तो. मलेशियातला बुमिपुत्रा असा नाही, ते मलय आणि तिथले मूळ रहिवासी मानलेल्या इतर समाजांना मिळालेलं नाव आहे. त्यामुळे ‘भूमिपुत्र’ लिहिलं की आपला वाचक भलत्याच माणसाच्या बाजूने उभा राहील, असं मला वाटतं. जाणकारांनी मत द्यावं.

नौपाडा

शब्दाचं मूळ आधी पाहू. संस्कृतात भूमिपुत्र म्हणजे मंगळ. ऋणमोचन मंगल स्तोत्राची सुरुवातच ‘मङ्गलो भूमिपुत्रश्च ऋणहर्ता धनप्रदः’ अशी आहे. भौम, भूमिसुत हीही त्याचीच नावं. म्हणजे आपल्याकडे हा शब्द पत्रिकेत आणि पोथीत होता. स्थानिकांचे हक्क या अर्थाने तो मराठी राजकारणात रुळला तो १९६० नंतर, मुंबईत मराठी माणसाच्या नोकऱ्यांचा प्रश्न पेटला तेव्हा. योगायोग असा की मलेशियातही हा शब्द त्याच दशकात सरकारी झाला. १९६५ मध्ये तिथे बुमिपुत्रा आर्थिक परिषद भरली आणि त्याच वर्षी बँक बुमिपुत्रा निघाली.

घणसोलीकर, तुमच्या टिपणात मलयमधले आणखी शब्द येणारच, म्हणून सांगतो. ‘बांग्सा’ म्हणजे वंश किंवा राष्ट्र, तो आपला ‘वंश’. ‘नगारा’ म्हणजे देश, मूळ ‘नगर’. संसदेचं कनिष्ठ सभागृह ‘देवान राक्यात’: आपला दिवाण आणि आपली रयत. मंत्रिमंडळ ‘जमाह मंतेरी’, म्हणजे मंत्र्यांची जमात. आपल्याकडे पूर्वी गोसाव्यांची जमात म्हणायचे त्या अर्थाने. स्वातंत्र्याला ‘मर्देका’ म्हणतात, तो संस्कृत ‘महर्द्धिक’ वरून आला. इतके शब्द आपल्या ओळखीचे निघतात की अर्थही ओळखीचाच असणार असं वाटायला लागतं. त्यामुळे तुमची शंका मला रास्त वाटते.

उरण-मोरा

मला पटत नाही. दादा, ‘भूमिपुत्र’ म्हणजे फक्त जमीन गेलेला, हा अर्थ आपल्या नवी मुंबईपुरता. दादर-परळला विचारा, तिथे भूमिपुत्र म्हणजे मराठी बोलणारा. त्याची सातबाऱ्यावर गुंठाभर जमीन नसली तरी चालते. सातारा-कोकणातून गिरणीत आलेल्याचा नातूही मुंबईत भूमिपुत्रच की. म्हणजे भाषेवरून, ओळखीवरून ठरणारा भूमिपुत्र मराठीतही आहे आणि मलेशियात तेच आहे. जो शब्द आपलाच आहे आणि परदेशातून परत आलाय, त्याला बुमिपुत्रा म्हणून दारात का उभं करायचं?

आणि या शब्दामागे आमच्याकडे रक्त सांडलंय. जानेवारी १९८४ ला जासई-नवघरच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याची वाट निघाली. शब्द मोठा आहे, त्याचा अर्थही मोठा राहू द्या.

खारघरवासी

मी काही वर्षं क्वालालंपूरला नोकरीनिमित्त होते. तिथे हा शब्द कानावर पडतो तो घर घेताना. नव्या इमारतीच्या विक्रीच्या नकाशात काही सदनिकांवर ‘बुमी लॉट’ लिहिलेलं असतं. त्या बुमिपुत्रांसाठी राखीव, आणि त्यांना किमतीत काही टक्के सूट. सूट किती हे राज्याराज्यावर आहे. माझ्या शेजारची तमिळ बाई, तिचे पणजोबा रबराच्या मळ्यावर आलेले. घरात तमिळ, बाहेर मलय, शाळा मलयमधली. तो नकाशा बघून ती मला म्हणाली, आमच्या चार पिढ्या इथल्या मातीत गेल्या, पण या कागदावर आम्ही मातीचे नाही. मराठीत ‘भूमिपुत्र’ म्हटलं की मला ती बाई आठवते आणि हा शब्द तिला लागू पडायला हवा होता असं वाटतं.

घणसोलीकर

खारघरवासी ताई, हे फार नेमकं सांगितलंत. उरण-मोरा, तुमचा मुद्दा वजनदार आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मुंबईतला मराठी भूमिपुत्र ओळखीवरून ठरतो हे खरं. पण ती ओळख कुणी कायद्यात लिहून ठेवलेली नाही. मलेशियात ती राज्यघटनेत आहे. कलम १६० मध्ये ‘मलय’ कोण याची व्याख्या आहे: मुस्लिम धर्म पाळणारा, रोज मलय बोलणारा, मलय रीतीरिवाज पाळणारा, आणि स्वातंत्र्यापूर्वीपासून तिथला किंवा तिथल्या आईबापांचा. कलम १५३ ने मलयांचं ‘विशेष स्थान’ जपायची जबाबदारी राजावर टाकली. गंमत अशी की त्या कलमात ‘बुमिपुत्रा’ हा शब्दच नाही. तिथे ‘मलय’ आहे, आणि नंतर त्यात ‘साबा-सारावाकचे मूळ रहिवासी’ आले, म्हणजे बोर्निओ बेटावरच्या दोन राज्यांतले. बुमिपुत्रा हे प्रशासनाने आणि राजकारणाने या सगळ्यांवर घातलेलं छत्र.

आता हे छत्र कुणावर येतं ते बघा. जावा, सुमात्रा, सुलावेसीहून गेल्या शतका-दीडशतकात आलेल्या लोकांची मुलंबाळं भाषा आणि धर्म जुळल्यामुळे मलय समाजात मिसळली, ती बुमिपुत्रा. मलाक्कात कैक पिढ्या राहिलेलं, मलयच बोलणारं जुनं चिनी घराणं मात्र नाही. म्हणजे भूमीत किती खोल मुळं आहेत यावरून हा शब्द ठरतच नाही.

हे असं का झालं, तेही टिपणात येणार आहे. ब्रिटिशांनी कथिलाच्या खाणींवर चिनी आणि रबराच्या मळ्यांवर तमिळ मजूर येऊ दिले, आणले. मलय शेतकरी भातशेतीत आणि कोळीवाड्यात राहिला. कोण काय काम करतो हेच त्याचं कूळ झालं. १९४६ मध्ये ब्रिटिशांनी मलायन युनियन आणली: सुलतानांचे अधिकार काढायचे आणि बाहेरून आलेल्यांनाही सहज समान नागरिकत्व द्यायचं. मलय समाज खवळला, त्यातून त्याच वर्षी ‘उम्नो’ पक्ष जन्मला आणि दोन वर्षांत युनियन गुंडाळावी लागली. त्या पक्षाचे संस्थापक ओन जाफर यांनी पुढे पक्षाची दारं सर्व समाजांना उघडा असं म्हटलं. ते पक्षाला मानवलं नाही, १९५१ मध्ये त्यांना बाहेर पडावं लागलं. माझ्या मते त्या देशाचं राजकारण तिथेच वळलं. त्यानंतर सूत्र ठरलं ते असं की प्रत्येक समाजाचा आपला पक्ष आणि वरच्या नेत्यांची आघाडी. १९५५ च्या निवडणुकीत या आघाडीने ५२ पैकी ५१ जागा घेतल्या. मतदारांत पाचात चारांहून जास्त मलय असताना तिने १५ चिनी आणि २ भारतीय उमेदवार उभे केले आणि निवडूनही आणले. ही छोटी गोष्ट नव्हे.

१९५७ ची घटना लॉर्ड रीड यांच्या पाच सदस्यांच्या आयोगाने मांडली. त्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती बी. मलिक होते. आयोगाने सुचवलं होतं की मलयांच्या विशेष स्थानाचा १५ वर्षांनी फेरविचार व्हावा. अंतिम घटनेत ती मुदत राहिली नाही. तडजोड अशी की बिगर-मलयांना नागरिकत्व, मलयांना विशेष स्थान. पुढे सिंगापूर या देशात आलं, १९६५ मध्ये बाहेर पडलं. १३ मे १९६९ ला, निवडणुकीनंतर तिसऱ्या दिवशी, क्वालालंपूरमध्ये दंगल पेटली. सरकारी आकडा १९६ मृतांचा. संसद १९७१ पर्यंत बंद राहिली. ती उघडली तेव्हा घटनादुरुस्ती झाली आणि १५३ व्या कलमावर प्रश्न उपस्थित करायला कायद्याने बंदी घालता येईल अशी सोय आली, संसदेतल्या भाषणालाही त्यातून सूट नाही. त्याच वर्षी नवं आर्थिक धोरण आलं: १९७० मध्ये बुमिपुत्रांकडे असलेला कंपन्यांच्या भांडवलाचा २.४ टक्के वाटा १९९० पर्यंत ३० टक्क्यांवर न्यायचा. गरिबी मात्र समाज न बघता हटवायची, असंही त्यात लिहिलं होतं, आणि गरिबी खरोखर खूप घटली. ते नाकारण्यात अर्थ नाही. त्या काळातला मलय शेतकरी गरीब होता, सावकाराच्या आणि दलालाच्या हातात होता.

पण बघा, हा शब्द तिथे सत्तेत असलेल्या बहुसंख्यांचा आहे. आपल्या इथे तो सत्तेकडे मागणारा आहे.

पाचपाखाडी

एक उपप्रश्न. १३ मे ला ‘वांशिक दंगल’ म्हणावं की ‘जमातवादी’?

नौपाडा

वांशिक. जमातवाद म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यापुढे हिंदू-मुस्लिम येतं. तिथे धर्म, भाषा, मूळ देश सगळं एकत्र गुंतलेलं होतं. शिवाय मलय माणूस स्वतः ‘बांग्सा’ किंवा ‘काउम’ म्हणतो, म्हणजे वंश आणि कौम.

उरण-मोरा

घणसोलीकर दादा, घटनेतल्या व्याख्येचा मुद्दा मान्य. पण मग आमच्यासारखे लोक तिथे आहेतच ना कुणी? ज्यांची जमीन प्रकल्पात जाते? त्यांना काय म्हणणार?

घणसोलीकर

आहेत, आणि तीच माझी मुख्य अडचण आहे. त्यांना ‘ओरांग असली’ म्हणतात. ओरांग म्हणजे माणूस, असली म्हणजे आपला असल, अस्सल. द्वीपकल्पातले सगळ्यात जुने रहिवासी. सरकारदरबारी बुमिपुत्रांत धरले जातात, पण कलम १५३ मध्ये त्यांचं नाव नाही.

क्वालालंपूरच्या नव्या विमानतळाकडे जाणाऱ्या महामार्गासाठी सेलांगोर राज्यात डेंगकिलजवळ तेमुआन या ओरांग असली लोकांची जमीन घेतली. भरपाई दिली ती फळझाडं, पिकं आणि घरांची. जमिनीची नाही, कारण सरकारच्या म्हणण्याप्रमाणे जमीन त्यांची नव्हतीच. ते कोर्टात गेले. सागोंग तासी खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. २००२ मध्ये शाह आलमच्या उच्च न्यायालयाने सांगितलं की पिढ्यान् पिढ्या वहिवाटलेल्या जमिनीवर त्यांचा मालकी हक्क आहे आणि जमिनीचीच भरपाई द्यावी लागेल. २००५ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला.

उलवे-पनवेलकडच्या ज्या दहा गावांनी नवी मुंबई विमानतळासाठी घरं सोडली, त्यांना हा खटला समजावून सांगावा लागणार नाही. झाडांची किंमत लावली आणि जमिनीची नाही, हे वाक्य नुसतं ऐकून ते मान हलवतील. म्हणून माझं म्हणणं असं की मराठीतला ‘भूमिपुत्र’ त्या तेमुआन माणसासाठी राखून ठेवावा. ‘बुमिपुत्रा’ला आपला शब्द देऊन टाकला, तर याच्यासाठी आपल्याकडे काय उरतं?

उरण-मोरा

हे पटलं. तेमुआनांबद्दल टिपणात जरा जास्त लिहा, एका परिच्छेदात उरकू नका. आमच्याकडे वाचून दाखवेन. मुंबईतल्या मराठी माणसाला भूमिपुत्र म्हणायचा हक्क मात्र सोडत नाही.

खारघरवासी

माझं मत बुमिपुत्रालाच. फक्त त्या तमिळ शेजारणीसारख्यांना काय म्हणायचं तेही ठरवा. ‘स्थलांतरित’ नको, ती तिथेच जन्मली. ‘भारतीय’ही नको, तिच्याकडे मलेशियाचा पासपोर्ट आहे. २५ नोव्हेंबर २००७ ला क्वालालंपूरच्या रस्त्यावर हजारो तमिळ उतरले, अश्रुधूर खाल्ला, ते मलेशियाचे नागरिक म्हणूनच. पुढच्याच वर्षी मार्चच्या निवडणुकीत सत्ताधारी आघाडीचं दोन-तृतीयांश बहुमत गेलं, त्यात या मोर्चाचा वाटा होता.

घणसोलीकर

‘मलेशियन तमिळ’ लिहितो. आधी देश, मग समाज.

नौपाडा

व्याकरणाचं एवढं पाहून घ्या. ‘बुमिपुत्रा’ आकारान्त आहे म्हणून त्याला घोड्यासारखं चालवू नका. ‘बुमिपुत्र्याला’ वाईट दिसेल. काका, दादा यांच्यासारखं चालवा: बुमिपुत्राला, बुमिपुत्रांना, अनेकवचनातही बुमिपुत्रा. पहिल्यांदा येईल तिथे एकेरी अवतरणात घालून एका वाक्यात अर्थ द्या, पुढे अवतरण नको. आणि ‘ओरांग असली’ दोन शब्दच ठेवा. जोडलेत तर कुणीतरी त्याचं ओरांगउटान करेल. तो शब्दही मलयच आहे, ‘रानातला माणूस’, पण इथे तशी गफलत अजिबात होता कामा नये.