गोड्या पाण्यातील पाकटासाठी विहिरीचे पाणी: मदत हवी आहे

नमस्कार. फोंड्यात आमच्या घरी मोटोरो जातीचा, म्हणजे मूळच्या दक्षिण अमेरिकेतील नद्यांमधला, एक लहान पाकट (स्टिंगरे, चकतीसारख्या चपट्या अंगाचा मासा) आहे. टाकीत बारीक वाळू आहे, हीटरला जाळी आहे आणि तापमान २७ अंशांच्या आसपास असते.

अडचण पाण्याची आहे. पाऊस लागल्यापासून जांभ्या दगडातून झिरपणारे विहिरीचे पाणी अतिशय मृदू झाले असून, त्याची कार्बोनेट कठीणता (पीएच स्थिर ठेवणाऱ्या क्षारांचे प्रमाण) जवळजवळ शून्यावर आल्यामुळे टाकीतला पीएच ६ च्याही खाली घसरतो आणि फिल्टरमधले अमोनिया संपवणारे जीवाणू मंदावून तो साचू लागतो. पाकट कोळंबीच्या तुकड्यावर येऊन बसतो, पण न खाताच पुढे सरकतो. काल त्याच्या चकतीची कडही किंचित वर वळलेली दिसली, हे त्रासाचे लक्षण असते. दुकानदाराने तांबेयुक्त औषध सुचवले, परंतु पाकटांना तांबे सोसत नाही, म्हणून ते घालणार नाही.

पीएच वाढवण्यासाठी तिसऱ्यांच्या (खाण्याच्या शिंपल्यांच्या एका जातीच्या) शिंपल्या उकळून, फोडून फिल्टरमध्ये ठेवाव्यात (तळाशी नव्हे, कडा लागतील) की खाण्याचा सोडा वापरावा? पीएच झपाट्याने वाढला, तर आम्लयुक्त पाण्यात निरुपद्रवी असलेले अमोनियम पुन्हा विषारी अमोनियात बदलते, हीच खरी भीती आहे. तेव्हा दिवसाला किती वाढ सुरक्षित मानावी, आणि तोवर पाणी बदलावे की तसेच राहू द्यावे, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर निदान हवेचा पंप चालतो.