यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या चौकटीच्या) खिडकीची काच फुटल्यावर तुम्ही काय केलंत?

गेल्या पावसाळ्यात दापोलीच्या घरी माडाची झावळी हॉलच्या खिडकीवर आदळली आणि काच गेली. खिडकी बसवणाऱ्याला फोन केला, तर म्हणाला, अख्खं शटर, म्हणजे चौकटीसकट पल्ला, बदलावं लागेल. आठ दिवस ताडपत्री बांधून राहिलो. शेवटी गावातल्या काचवाल्याने चौकटीला धक्का न लावता नुसती काच बसवून दिली. किनाऱ्यावर आता घरोघरी या खिडक्या आल्यात, पण काच फुटली की काय करायचं हे बसवणारे सांगत नाहीत. म्हणून आपापले अनुभव लिहा, दोन ओळींचे असले तरी चालतील.

मालवण :
आमच्या शेजारच्या काकांनी बघितल्याबरोबर सांगितलं, "वैनीनू, खिडकी कित्याक बदलतास? काच तेवढी बदला." मग त्यांच्याच मदतीने घरी केलं. काचेच्या चारी कडांना आतून प्लास्टिकची पट्टी असते, बीडिंग. ती स्क्रूने नाही, खाचेत दाबून बसवलेली असते. आधी तडकलेल्या काचेवर चिकटपट्ट्या मारल्या आणि चामड्याचे हातमोजे घातले. मग सगळ्यात लांब पट्टीच्या मधोमध पुट्टीची पाती घालून हळूच उचकटलं. मधून सुरुवात केली की पट्टी कमानीसारखी वाकते आणि टोकं सुटतात. पहिली पट्टी मी कोपऱ्यातून ओढली होती, तिचा टवका उडाला. उन्हाने जुन्या पट्ट्या कडक होतात, त्यामुळे गरम पाण्यात पिळलेलं फडकं थोडा वेळ धरा. प्रत्येक पट्टीमागे पेन्सिलने वर, खाली, डावी, उजवी लिहून ठेवा. आणि काचेखालचे प्लास्टिकचे छोटे तुकडे कचरा समजून टाकू नका. ते पॅकर, काचेचा भार त्यांच्यावर असतो.

रत्नागिरी :
मापाचं नीट बघा. सुतार सुतात मोजतो, काचवाला मिमीत, आणि 1 सूत म्हणजे जवळजवळ 3 मिमी. मी आतल्या खाचेचं तंतोतंत माप दिलं, काच आली ती बसेचना. टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली काच, भट्टीतून निघाली की कापता येत नाही, घासून कमीही करता येत नाही. पूर्ण पैसे पाण्यात. दुसरी मागवताना लांबी-रुंदीत साधारण 6 मिमी कमी सांगितलं, मग बसली.

श्रीवर्धन :
निसर्ग वादळात, 3 जून 2020 ला, आमच्या माडीवरच्या दोन काचा गेल्या. तिथे डबल काच होती, 5 मिमीच्या दोन आणि मध्ये 10 मिमी पोकळी. एकच फुटली म्हणून तेवढीच बदलता येत नाही, कारण दोन्ही काचा कडेने सीलबंद असतात आणि सील गेलं की मध्ये बाष्प धरतं. जोडीच्या जोडी बदलावी लागते. घाईत आम्ही 5 मिमीची साधी काच लावून घ्यायला गेलो, तर बीडिंग सैल पडलं. काचेची जाडी बदलली की पट्टीही त्या मापाची लागते. जुन्या काचेची जाडी मोजल्याशिवाय दुकानात जाऊ नका.

वेंगुर्ला :
फटी बुजवायला लावतात ते सिलिकॉन व्हिनेगरसारखा वास येणारं असेल तर डबल काचेला लावू देऊ नका, न्यूट्रल प्रकारचं सिलिकॉन मागा. खाऱ्या वाऱ्याने साधे स्क्रू गंजतात, म्हणून काम निघालंच आहे तर स्टेनलेस स्टीलचे, 316 ग्रेडचे घ्या.

गुहागर :
आमची काच वांदरांनी फोडली. टफन्ड होती, साबुदाण्याएवढे दाणे झाले. आईने तीनदा केर काढला. नवी काच बसली, पण पहिल्याच पावसात पाणी ट्रॅकमधून आत आलं. आम्ही कारागिराला बोल लावत होतो. बाहेरच्या बाजूला पाणी जायची जी भोकं असतात, त्यांत काचेचे दाणे आणि पुळणीची रेती गच्च बसली होती. हिराच्या काडीने एकेक भोक टोकरलं आणि पाणी बाहेर वाहायला लागलं.