२०१४ ची बॉडी सोडून २००८ ची घ्यावी का? डी७०० बद्दल मतं हवीत

तिसरी_घंटा:
माझ्याकडे निकॉनचा डी३३०० आहे, २०१४ चं मॉडेल, सोबत १८-५५ किट लेन्स आणि ५५-२००. आमच्या नाट्यगटाच्या तालमींचे आणि प्रयोगांचे फोटो मीच काढते, त्यामुळे माझे नव्वद टक्के फोटो अंधारात आणि तेही हलणाऱ्या माणसांचे असतात. आता ओळखीतल्या एकांकडे निकॉन डी७०० विकायला आहे, बॉडी नीट वापरलेली दिसते. फुल फ्रेम आहे, म्हणजे सेन्सर माझ्या कॅमेऱ्याच्या सेन्सरपेक्षा बराच मोठा, हातात घेतल्यावर सोडवत नाही असा कॅमेरा, व्ह्यूफाइंडरमधून बघितलं तर माझ्या कॅमेऱ्यात आजवर मी खिडकीच्या फटीतूनच बघत होते असं वाटलं. पण तो २००८ चा, १२ मेगापिक्सेलचा, आणि माझा २०१४ चा, २४ चा. घरी सगळे म्हणतायत की सहा वर्षं मागे जाणं हे कसलं अपग्रेड. मला अजून ठरवता येत नाहीये. ज्यांनी अशी जुनी बॉडी वापरलीये त्यांनी आणि ज्यांना हे चूक वाटतं त्यांनीही मनापासून सांगा.

जुनं_ते_दणकट:
घ्या, डोळे मिटून घ्या. मी डी७०० बरीच वर्षं वापरतोय. यात जो सेन्सर आहे तो २००७ च्या डी३ चा, म्हणजे त्या काळी निकॉनची सगळ्यात वरची बॉडी होती तिचा. वर्षाचा आकडा बघून कॅमेरा जोखू नका, तो कोणत्या वर्गाचा म्हणून बनवला होता ते बघा. तुमच्या डी३३०० ला ११ फोकस पॉइंट, त्यातला मधला एकच क्रॉस टाइप, म्हणजे आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषांवर फोकस पकडणारा. डी७०० ला ५१, त्यातले १५ क्रॉस टाइप. अंधारात फोकस इकडेतिकडे शोधत बसणं आणि चटकन पकडणं यात जो फरक आहे तो इथे आहे, मेगापिक्सेलमध्ये नाही. शिवाय दोन डायल, आयएसओला (प्रकाशाच्या संवेदनशीलतेला) वेगळं बटण, मेन्यूत शिरावंच लागत नाही. रंगमंचावर प्रकाश सेकंदासेकंदाला बदलतो तेव्हा एका डायलवर बटण दाबून दाबून एक्सपोजर बदलणं काय असतं ते तुम्हाला माहीतच असेल.

आणि १२ मेगापिक्सेलची भीती काढून टाका. ४२५६ बाय २८३२ ची फ्रेम येते, ३०० डीपीआयने छापली तर १४ बाय ९ इंचाच्या वर प्रिंट निघते. ४के स्क्रीनला जेमतेम ८.३ मेगापिक्सेल लागतात. २४ म्हणजे दुप्पट वाटतं पण लांबीत आणि रुंदीत फरक फक्त ४१ टक्के.

भिंगप्रेमी:
प्रचंड असहमत, आणि डोळे मिटून घ्या हा सल्ला तर अजिबातच नको. वरच्या प्रतिसादात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट राहिलीये. ताईंच्या दोन्ही लेन्स डीएक्स आहेत, म्हणजे निकॉनच्या लहान सेन्सरसाठी बनवलेल्या. डी७०० वर त्या लावल्या की कॅमेरा सेन्सरचा मधलाच भाग वापरणार आणि हातात येणार सुमारे ५ मेगापिक्सेल. फुल फ्रेमचा जो काही प्रकाशाचा फायदा असतो तो पूर्ण सेन्सर वापरला तरच, सेन्सर कापला की फायदाही गेला. म्हणजे नुसती बॉडी घेतली तर २४ वरून ५ वर येणार आणि मिळणार काय, तर मोठा व्ह्यूफाइंडर, त्यातही मधली चौकटच उपयोगाची.

आता गणित बघा. फुल फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ डीएक्सच्या साधारण २.३ पट, म्हणजे जेमतेम सव्वा स्टॉपचा फायदा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). ५५-२०० ही लेन्स झूम करत गेलं की एफ ५.६ वर जाते (एफचा आकडा मोठा तितका प्रकाश कमी). त्याऐवजी एफ १.८ ची लेन्स लावली तर जवळपास १० पट प्रकाश आत येतो, सव्वातीन स्टॉप. एकीकडे २.३ पट, एकीकडे १० पट. ८५ एमएम एफ १.८ जी घ्या, डी३३०० वर तिचा कोन फुल फ्रेमवरच्या १२८ एमएम लेन्सइतका पडतो, स्टेजच्या पुढच्या रांगांतून एकेका पात्रासाठी छान. जी म्हणजे लेन्समध्येच ऑटोफोकसची मोटर असलेली घ्या हं, जुनी डी घेऊ नका, तुमच्या बॉडीत मोटर नाही, डी लेन्सचा ऑटोफोकस चालणारच नाही.

जुनं_ते_दणकट:
बरं झालं मोटरचा विषय काढलात, मी तेच सांगणार होतो. डी७०० च्या बॉडीत मोटर आहे, म्हणजे जुन्या सगळ्या डी लेन्स, ५० एमएम १.८ डी, ८५ एमएम १.८ डी, ऑटोफोकससकट चालतात आणि त्या जी पेक्षा बऱ्याच स्वस्तात मिळतात. त्याहून जुन्या एआय मॅन्युअल (हाताने फोकस करायच्या) लेन्ससुद्धा मीटरिंगसह, म्हणजे कॅमेरा प्रकाश मोजून देतो अशा, चालतात, डी३३०० वर त्या लावल्या तर मीटर मुकाच. एफ माउंट, म्हणजे निकॉनची लेन्स जोडायची कडी, १९५९ चा आहे, इतक्या वर्षांचा खजिना एका बॉडीने उघडतो. आणि लेन्स बदला असं तुम्ही म्हणताय ते मला मान्यच आहे, पण तीच ८५ दोन्ही बॉडीवर लावून बघा ना, मग सव्वा स्टॉप कुणाकडे जास्त राहतो?

भिंगप्रेमी:
कागदावर सव्वा स्टॉप. पण तो फुकट मिळत नाही. एकाच फ्रेमसाठी आणि एकाच एफ नंबरला फुल फ्रेमवर डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढून मागे जेवढं शार्प दिसतं ते अंतर, कमी मिळते. स्टेजवर दोन पात्रं, एक पुढे एक मागे, दोघांचेही डोळे शार्प हवेत तर फुल फ्रेमवर एफ २.८ लावावं लागेल तिथे डीएक्सवर १.८ मध्ये भागतं. झालं, सव्वा स्टॉप तिथेच खर्ची पडला. एकट्या पात्राच्या क्लोजअपला तुमचा मुद्दा बरोबर, समूहदृश्याला नाही. शिवाय २००८ ते २०१४ मध्ये सेन्सर कुठल्या कुठे गेले. कमी आयएसओला डी३३०० च्या रॉ मधून (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधून) सावल्या जितक्या उचलता येतात तितक्या डी७०० मधून येत नाहीत.

खुर्ची_क्रमांक_सात:
मला डी७०० चे रंग जास्त आवडतात, त्वचेचा रंग जसा येतो तसा नंतरच्या कॅमेऱ्यांत नाहीच येत, जुन्या सेन्सरमध्ये काहीतरी जादू होती हे अनेकजण म्हणतात.

पाना_पेचकस:
जादू नाही हो. जुने कॅमेरे उघडून दुरुस्त करणं हे माझं काम आहे म्हणून सांगते. सेन्सरवर जे रंगांचे फिल्टर असतात त्यांचा थोडा हात आहे, पण जेपेगमध्ये दिसणारा रंग मुख्यतः कॅमेऱ्याच्या आतल्या प्रक्रियेचा आणि व्हाइट बॅलन्सचा. रॉ काढलं की सॉफ्टवेअरमधलं प्रोफाइल ठरवतं. दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच प्रकाशात काढलेले रॉ फोटो नावं झाकून शेजारी ठेवा आणि मग ओळखून दाखवा. रंगासाठी बॉडी बदलू नये.

माझा मुद्दा वेगळाच आहे. इतक्या जुन्या बॉडीचा सौदा म्हणजे त्या विशिष्ट नगाचा सौदा, मॉडेलचा नाही. डी७०० चं शटर दीड लाख क्लिकसाठी तपासलेलं आहे, म्हणजे दीड लाखाला ते मरतं असं नाही आणि साठ हजारावर मरणार नाही असंही नाही. शटर काउंट फोटोच्या मेटाडेटात मिळतो, ताजा काढलेला जेपेग मागून घ्या आणि वाचा. रबराची ग्रिप सुटते, फुगते, चिकट होते, हे या मॉडेलचं नेहमीचं दुखणं, ते दिसायला वाईट पण जीवघेणं नाही. जीवघेणं आहे ते कार्डाच्या खाचेतल्या पिना वाकणं. सीएफ (कॉम्पॅक्ट फ्लॅश) कार्ड तिरकं घुसवलं की पिन वाकते, टॉर्च मारून आत बघा, सगळ्या पिना सरळ रांगेत हव्यात. मेन्यूत बॅटरीची माहिती बघा, तिथे बॅटरीचं वय ० ते ४ असं दाखवतो, ४ आलं तर ती बॅटरी गेली समजा. लेन्स एफ १६ ला करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला की सेन्सरवरची धूळ कळते, आणि एकच डाग सगळ्या फ्रेममध्ये पुसूनही जात नसेल तर तो ओरखडा असू शकतो. आणि सुटे भाग. उत्पादन थांबून इतकी वर्षं झालेल्या बॉडीचे अस्सल भाग मिळणं कठीण, बऱ्याचदा एक मेलेली बॉडी फोडून दुसरी जगवावी लागते. हे पटत असेल तर घ्या, मी स्वतः आनंदाने घेईन, पण माझ्याकडे पाना आहे.

हलकी_बॅग:
तुम्ही सगळे २००८ आणि २०१४ मध्येच का अडकलात? वापरलेलाच घ्यायचा तर मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, घ्या. डी७०० नुसती बॉडी ९९५ ग्रॅम, त्यावर लेन्स चढवून तीन तासांची तालीम उभं राहून काढून बघा, दुसऱ्या दिवशी मनगट बोलतं. आणि आवाज! नाटकात शांततेच्या क्षणी डी७०० चा आरसा आपटला की शेवटच्या रांगेपर्यंत जातो. डी३३०० मध्ये निदान क्वाएट मोड आहे, डी७०० मध्ये तोही नाही. फुजी एक्स-टी१ सारख्या मिररलेसमध्ये इलेक्ट्रॉनिक शटर आहे, आवाजच नाही. एक्सपोजर आधीच व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं, स्पॉटलाइटमध्ये चेहरा पांढराफटक होतोय हे क्लिक करण्याआधी कळतं. आणि पुढचा विचार करा, निकॉनने २०१८ पासून झेड माउंट आणला, एफ माउंटच्या लेन्स त्यावर बसवणाऱ्या त्यांच्या स्वतःच्या एफटीझेड अॅडॉप्टरमध्ये मोटर नाही, म्हणजे आज डी लेन्स गोळा केल्या तर उद्या झेडवर त्या मॅन्युअलच.

जुनं_ते_दणकट:
वजनाचं आणि आवाजाचं मान्य. पण इलेक्ट्रॉनिक शटर स्टेजवर म्हणजे दुधारी आहे. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे येतात आणि नाचणाऱ्याचा हात वाकडा येतो. ते टाळायला परत मेकॅनिकल शटरच लावावं लागतं. आणि सुरुवातीच्या मिररलेसचा ऑटोफोकस अंधारात कसा चालतो ते मी वापरून पाहिलंय, मला तरी तो पुरला नाही.

भिंगप्रेमी:
तिसरी_घंटा, सगळ्यांचं ऐकून घ्या पण एक काम आधी करा. मागच्या दोन-तीन प्रयोगांतले वाया गेलेले फोटो काढा आणि प्रत्येकासमोर एकच कारण लिहा. माणूस हलल्यामुळे पुसट, फोकस भलतीकडे, की दाणेदार. त्याशिवाय आपण सगळे हवेत तलवारी फिरवतोय.

तिसरी_घंटा:
केलं. रविवार त्यात गेला पण डोळे उघडले. दाणेदार म्हणून फेकावेत असे फोटो अगदी हातावर मोजण्याइतके. मी समजत होते नॉइज हाच माझा प्रश्न आहे, तो नाहीच. निम्म्याहून जास्त फोटो पुसट आहेत कारण शटर १/६० सेकंद किंवा त्याहूनही मंद झालेलं, लेन्स ५.६ वर असताना कॅमेरा बिचारा तरी काय करणार. उरलेल्यांतले बरेच फोकस चुकलेले आणि त्यात एक गोष्ट सारखी दिसली, पात्र फ्रेमच्या कडेला आहे, मी मधल्या पॉइंटने फोकस घेऊन कॅमेरा वळवलाय आणि तेवढ्यात ते पात्र एक पाऊल पुढे आलंय. मधला सोडून दुसरा पॉइंट मी वापरतच नाही कारण बाकीचे अंधारात लटपटतात. म्हणजे भिंगप्रेमी लेन्सबद्दल बरोबर आणि जुनं_ते_दणकट फोकसबद्दल बरोबर.

आता माझा विचार असा की आधी ८५ ची १.८ जी लेन्स घ्यायची. ती डी३३०० वर चालेल, डी७०० वर चालेल, आणि पुढे झेडकडे गेलेच तर अॅडॉप्टरवर ऑटोफोकससकट चालेल. डी७०० वाल्यांनी एक आठवडा वापरून बघा म्हणून सांगितलंय, तर येत्या रंगीत तालमीला दोन्ही बॉडी नेणार, तीच लेन्स अर्धी तालीम याच्यावर अर्धी त्याच्यावर.

जुनं_ते_दणकट:
हे उत्तम. फक्त डी७०० वर तोच कोन मिळवायला तुम्हाला पुढे सरकावं लागेल हे लक्षात ठेवा, ८५ तिथे ८५ च राहते. आणि कडेच्या पॉइंटचीही परीक्षा घ्या. क्रॉस टाइप पंधराही पॉइंट मधल्या पट्ट्यात आहेत, कडेचे तितके तगडे नाहीत, हे मी आधीच सांगायला हवं होतं.

भिंगप्रेमी:
हे आधी सांगितलं असतंत तर माझे दोन प्रतिसाद वाचले असते. ताई, माझं मत अजूनही तेच, लेन्स लावल्यावर शटर १/२५० ला गेलं की तुमचे निम्मे प्रश्न जागेवर मिटतील आणि डी७०० परत करावासा वाटेल. पण बघा आणि इथे लिहा, माझं चुकलं तर मला कळायला हवं.

हलकी_बॅग:
तालमीच्या वेळी एखाद्या नटाला विचारा की कोणत्या कॅमेऱ्याचा आवाज कानावर येतो. फोटो काढणाऱ्याला तो ऐकू येत नाही, त्यांना येतो.

पाना_पेचकस:
आणि सीएफ कार्ड स्वतःचं घेऊन जा, डी७०० मध्ये एसडी बसत नाही. घालताना जोर लावू नका, सरळ धरा, अडलं तर बाहेर काढून परत घाला.