विद्यापीठाच्या आवारात पायी चालणाऱ्यांसाठी रस्ते नव्याने कसे आखावेत?

प्रश्न
मराठवाड्यातील एका विद्यापीठाच्या आवार-विकास समितीवर मी अध्यापक प्रतिनिधी आहे. प्रवेशद्वारापासून ग्रंथालयाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही कडांना दुचाक्या उभ्या असतात, त्यामुळे वसतिगृहातून तासाला येणाऱ्या मुलामुलींना धावत्या वाहनांच्या मधून चालावे लागते. निधी बेताचा आहे, आणि कडेने पेव्हर ब्लॉकचा पदपथ घालून काम आटोपावे असा बहुतेक सदस्यांचा कल आहे. मला ते अपुरे वाटते. सुरुवात कोठून करावी?

उत्तर १ (वास्तुविशारद)
आराखड्याला हात घालण्यापूर्वी आवारातील मळलेल्या वाटा शोधा. हिरवळीतून तिरकी गेलेली किंवा कुंपणाच्या फटीतून निघालेली पायवाट ही विद्यार्थ्यांची शिस्त बिघडल्याची खूण नसून, कोणत्या दोन इमारतींमध्ये खरी ये-जा आहे याची रोज लिहिली जाणारी नोंद असते. तास सुटण्याच्या वेळी चार-पाच ठिकाणी माणसे बसवून मोजणी करा, परीक्षेच्या काळात ती पुन्हा करा, आणि मगच नकाशावर रेघा ओढा. अन्यथा मोटारींसाठी आखलेल्या रस्त्याच्या कडेनेच पदपथ जाईल आणि मुले हिरवळीतूनच चालत राहतील.

वास्तुविशारद अच्युत कानविंदे हे आचऱ्याचे, म्हणजे आपल्या कोकणातले. त्यांनी आखलेल्या कानपूरच्या आयआयटीत शैक्षणिक इमारती छायादार पादचारी मार्गांनी जोडलेल्या आहेत आणि वाहने त्या भागाच्या बाहेरच्या बाजूला ठेवलेली आहेत. तुमचे आवार आधीच बांधून झालेले असले, तरी वाहनांना कडेला ठेवण्याचे ते तत्त्व उपयोगी पडेल.

उत्तर २ (स्थापत्य अभियंता)
पेव्हर ब्लॉकला माझा विरोध नाही, पण आपल्या काळ्या मातीवर तो थेट बसवू नका. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून दोन वर्षांत पदपथाच्या लाटा होतात. मातीचा वरचा थर काढून मुरूम भरावा, तो थराथराने दाबून घ्यावा, कडेला कर्बचे दगड पक्के बसवावेत आणि पाण्याला उतार द्यावा. हा खर्च डोळ्यांना दिसत नाही, म्हणून अंदाजपत्रकातून नेमका तोच कापला जातो. झाडांच्या बुंध्यांपर्यंत काँक्रीट नेऊ नका. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. मे महिन्यात सावली नसलेल्या पदपथावर कोणी चालणार नाही, म्हणून कडुनिंब आणि करंज यांची रांग याच कामात धरा.

उत्तर ३ (व्हीलचेअर वापरणारी संशोधक विद्यार्थिनी)
रस्त्यांचे मानदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथाची निर्वेध रुंदी किमान १.८ मीटर आणि उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर असावी. यातला ‘निर्वेध’ हा शब्द समितीसमोर दोनदा वाचून दाखवा, कारण कागदावर रुंद दिसणाऱ्या पदपथाच्या मध्यभागी विजेची पेटी उभी असेल, तर माझ्यासाठी तो पदपथ तिथेच संपतो आणि मला पुन्हा वाहनांमध्ये उतरावे लागते. रस्ता ओलांडण्याच्या जागी पदपथ खाली आणण्यापेक्षा रस्ताच पदपथाच्या पातळीपर्यंत उचलावा. त्यामुळे वाहनांचा वेगही आपोआप उतरतो. रॅम्पचा उतार बारास एक (बारा फूट लांबीत एक फूट चढ) यापेक्षा तीव्र नको.

प्रश्नकर्ता
सर्वांचा मनापासून आभारी आहे. मोजणीचा प्रस्ताव पुढच्या बैठकीत मांडतो. दुचाक्यांचे मात्र काय करावे? प्रवेशद्वाराशी वाहनतळ केला, तर विरोध होईल.

उत्तर १ (वास्तुविशारद)
विरोध होईलच, आणि आतल्या प्रवासाची सोय नसताना दुचाक्या अडवल्या तर तो रास्तही असेल. चेन्नईच्या आयआयटीत विद्यार्थ्यांना मोटारवाहने वापरता येत नाहीत, पण तिथे आवारात बस फिरते आणि सायकली सर्रास वापरल्या जातात. तुम्हीही आधी प्रवेशद्वार ते वसतिगृह अशी बस सुरू करा, ग्रंथालयापुढचा टप्पा फक्त तासांच्या वेळेत वाहनांना बंद ठेवून एक सत्र पाहा, आणि अपंग व्यक्तींच्या वाहनांना त्यातून पहिल्या दिवसापासून सूट द्या.